प्रकल्प नोंदी: फोंड्यातील घरासाठी कुटुंबचित्र, चित्रकाराची निवड

१४ जून २०२५

फोंडा तालुक्यातील चिऱ्याच्या जुन्या घरात, साळीमध्ये (दिवाणखान्यात) लावण्यासाठी कुटुंबाचे तैलचित्र हवे आहे. चित्रकार सुचवण्याचे काम आमच्याकडे. चित्रात आजी (वय ८१), मुलगा, सून, चौदा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू. आजोबा हयात नाहीत, पण चित्रात त्यांना जागा हवी, एवढी एकच अट आजींनी घातली आहे. मुलाचे बिऱ्हाड पुण्याला. सगळे एका छपराखाली येतात ते चवथीला (गणेशचतुर्थीला) आणि मे महिन्यात. मे सरला, तेव्हा चवथ धरूनच आखणी.

घरच्यांनी चित्रकारांची एक यादी आधीच केली होती, बहुतेक फोनवर आवडलेल्या चेहऱ्यांवरून. ती तूर्त बाजूला ठेवली. भिंत, आकार आणि माणसांची मांडणी ठरल्याशिवाय चित्रकार शोधण्यात अर्थ नाही. एकट्याचा चेहरा सुरेख काढणारे पुष्कळ भेटतात. पाच माणसे एका खोलीत, एका उजेडात बसल्यासारखी दाखवणारे थोडे. हे काम दुसऱ्या प्रकारचे आहे.

आकाराचा हिशेब: प्रौढ माणसाचे डोके हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २२ ते २३ सेंटिमीटर. तिघे बसलेले, दोघे मागे उभे, खांदे थोडे एकमेकांआड, अशी मांडणी धरली तर प्रत्यक्षात अंदाजे १७० सेंटिमीटर रुंदी लागते. दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा सोडली की २१०. हे सगळे १२० सेंटिमीटर रुंद कॅनव्हासवर बसवले तर डोके १२ ते १३ सेंटिमीटरचे येते. साळीत तीन-साडेतीन मीटरवरून बघायला एवढे पुरेसे. म्हणून आकार ९० बाय १२० सेंटिमीटर, म्हणजे बाजारातल्या भाषेत तीन बाय चार फूट. याच पाच माणसांसाठी दोन बाय अडीच फुटांचा कॅनव्हास घेतला तर डोकी आठ सेंटिमीटरवर येतात, आणि तिथे पापणीची जाडी किंवा ओठाचा कोपरा कुंचल्याच्या एका टोकाइतका उरतो. साम्य बिघडते ते अशाच ठिकाणी.

१६ जून

भिंतीची परीक्षा. घरच्यांना पसंत होती ती पश्चिमेकडची बाहेरची भिंत. तिच्यावर आणि साळ व देवघर यांच्यामधल्या आतल्या भिंतीवर अर्धा मीटर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला. पश्चिमेच्या भिंतीवर प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब जमले: ओल भिंतीतून येते. आतल्या भिंतीवर आतून कोरडे, बाहेरून किंचित दमट: ती हवेतली ओल, पावसाळ्यात गोव्यात कुठेही असणारी.

चित्र आतल्या भिंतीवर लागेल, पण देवघराच्या दारापासून निदान दोन मीटर दूर. समईची काजळी आणि अगरबत्तीचा धूर वॉर्निशवर बसतो आणि काही वर्षांत गोरा-सावळा फरकच पुसून टाकतो.

२८ जून

घरच्या मंडळींना जुनी कामे प्रत्यक्ष दाखवली. छापील पानावर किंवा पडद्यावर रंगाची जाडी आणि कडांचा मऊपणा कळत नाही, म्हणून निवडीआधी हे हवेच.

पणजीत फोंताइन्यसमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांचा संग्रह आहे. त्रिंदाद सांग्याचे, जन्म १८७०, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथेच शिकवले. त्यांच्या व्यक्तिचित्रांत केसांची कड पार्श्वभूमीत कुठे विरते आणि गालाची कड कुठे धारदार राहते, एवढेच बघायला सांगितले. सगळ्या कडा सारख्याच धारदार असल्या की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. पाच माणसांच्या चित्रात हा दोष पाचपट होतो.

नंतर जुन्या गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय. व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या चित्रांची ती रांग १५४७ साली दों जुआंव द काश्त्रू यांच्या काळात सुरू झाली. त्यातली कित्येक चित्रे पुढच्या शतकांत पुन्हा रंगवली गेली, इतकी की मूळ हात कुठला हे ओळखणे कठीण. या हवेत चित्र टिकवायचे तर सुरुवात कॅनव्हासच्या पाठीपासून करावी लागते, हे तिथे उभे राहून लगेच पटते.

५ जुलै

चित्रकार कुठे शोधायचे, यावर आमचे मत ठाम आहे. पहिले ठिकाण आल्तिन्होवरचे गोवा कला महाविद्यालय: तिथल्या शिक्षकांना विचारावे की माजी विद्यार्थ्यांपैकी आजही समोर माणूस बसवून रंगवणारे कोण. दुसरे, पणजीत कला अकादमी आणि मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनांत भरणारी प्रदर्शने. तिसरे, घाटापलीकडचे. कोल्हापुरात आबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर यांच्यापासून वास्तवदर्शी व्यक्तिचित्राची परंपरा आहे, बेळगावातही आहे, आणि सावंतवाडी तर सा. ल. हळदणकरांची जन्मभूमी. फोंड्याहून ही गावे एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत, म्हणून शोध गोव्यापुरता ठेवला नाही.

फोटो पाठवा, चित्र घरपोच, अशा जाहिराती मुळातच वगळल्या. त्यांतले बरेच काम म्हणजे कॅनव्हासवर छापलेला फोटो आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे. ओळखायला दहापट भिंग पुरे: गालावर शाईचे बारीक ठिपके दिसतात, आणि जेलचे फटकारे नाकाच्या वळणाबरोबर न वळता आडवेतिडवे जातात.

१२ जुलै

या शोधातून झालेल्या यादीतल्या सगळ्यांना एकच पत्र पाठवले. त्यातले प्रश्न:

पाच किंवा जास्त माणसांचे पूर्ण झालेले चित्र दाखवता येईल का, शक्य तर मूळ. त्यासाठी वापरलेले फोटो सोबत दाखवता येतील का. पाच वर्षांपूर्वीचे एखादे काम गोव्यात किंवा कोकणात कुणाच्या घरी आहे का, आणि ते लोक बघू देतील का. पांढरा रंग कोणता वापरता. हातांचे वेगळे पैसे घेता का.

शेवटचा प्रश्न काहींना खटकला, पण तो महत्त्वाचा आहे. एक हात नीट रंगवायला जवळजवळ चेहऱ्याइतका वेळ जातो. जो चित्रकार हात धरून दर सांगतो त्याने हिशेब केलेला असतो. जो फक्त डोक्यामागे दर सांगतो त्याच्या चित्रात हात पदराआड, पाठीमागे, खुर्चीमागे जातात.

२० जुलै

उत्तरे आली. दोघांनी समूहचित्र म्हणून वेगवेगळ्या फोटोंतली माणसे जोडलेली कामे पाठवली. एकाच्या नाकाची सावली डावीकडे, शेजारच्याची उजवीकडे. वगळले.

एकाच्या सगळ्या चित्रांत सगळी माणसे एकाच गुलाबी रंगाची होती. सोबतच्या फोटोत गृहस्थ चांगले सावळे, चित्रात गव्हाळसुद्धा नाहीत. हे आम्ही खपवून घेत नाही. गोव्या-कोकणातली त्वचा रंगवायची तर सावलीत हिरवट आणि जांभळट छटा, उजेडात गेरू आणि बर्न्ट सिएना यावे लागतात, आणि चकाकीत आकाशाचा थंड निळा. हे सगळे सोडून पांढरा कालवला की रंग उजळत नाही, नुसता खडूसारखा होतो. माणसाला त्याच्या स्वतःच्या रंगात पाहणे हे व्यक्तिचित्राचे पहिले काम, आणि घरच्यांकडून ‘जरा उजळ काढा’ अशी मागणी आली तरी चित्रकाराने नाही म्हणायला हवे. आमच्या मागणीपत्रात हे कलम स्पष्ट लिहिले: त्वचा उजळ करायची नाही, सुरकुत्या पुसायच्या नाहीत.

उरले दोघे: कोल्हापूरचे एक ज्येष्ठ चित्रकार आणि मडगावच्या एक चित्रकर्ती.

२ ऑगस्ट

दोघांच्याही कामाच्या जागी जाऊन मूळ चित्रे पाहिली. तपासण्याची रीत: आधी चित्र उलटे करून लांबून बघायचे. चेहरे ओळखू येत नाहीत तेव्हा उजेड-सावलीचे मोठे आकार दिसतात, आणि ते तुटक असले तर लगेच कळते. मग टॉर्च कॅनव्हासला जवळजवळ समांतर धरून पृष्ठभाग: भेगा, सुरकुतलेला रंग, तेलकट चकचकीत डाग. सुरकुत्या म्हणजे तेल जास्त घातलेला जाड थर वरून सुकला आणि आतून ओला राहिला. भेगा बहुधा उलट्या चुकीमुळे: खाली तेलकट थर, वर टर्पेंटाइनने पातळ केलेला. वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो.

मग कान, दात आणि बोटे. डोळे सगळेच मन लावून काढतात. कानापाशी चित्रकार दमलेला असतो.

कोल्हापूरच्या कामात रेखाटन अचूक, हात अप्रतिम. मडगावच्या कामात रेखाटन तितके कडक नाही, पण खोलीतली हवा दिसते. दोघांचीही चित्रे पाठीमागून स्वच्छ, चौकटीच्या कोपऱ्यांत कापड ताणायच्या खुंट्या बसवलेल्या. ते पाहून समाधान वाटले.

रंगनळ्यांवरचे रंगद्रव्यांचे क्रमांक वाचले. कोल्हापूरच्या पॅलेटवर अॅलिझरिन क्रिमसन, पीआर ८३. ओठांवर आणि गालांवर पातळ थरात हा रंग काही वर्षांत उडतो आणि माणूस आजारी दिसू लागतो. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन घ्यावा, असे सुचवले. त्यांनी लगेच मान्य केले. मडगावला टायटॅनियम पांढऱ्याच्या नळीत झिंकची भेसळ होती: पीडब्ल्यू ६ सोबत पीडब्ल्यू ४. झिंक तेलात ठिसूळ होतो आणि थर सुटू शकतो. निव्वळ पीडब्ल्यू ६ मिळतो, तोच घ्यायचा.

१० ऑगस्ट

आजोबांचा फोटो. स्टुडिओत काढलेला कृष्णधवल, चौकटीत, आणि वर्षानुवर्षांच्या दमटपणाने काचेला चिकटलेला. असा फोटो काचेपासून सोडवू नये. चेहऱ्याचा थर काचेवर राहून जातो. काचेसकटच कॅमेऱ्याने टिपला: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखा उजेड, कॅमेऱ्यामागे काळे कापड म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही.

दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली, त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवून सुरकुत्या पुसत, म्हणून कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग विश्वासार्ह नाही. लग्नाच्या अल्बममधले, मुंजीतले साधे फोटो काढून घेतले: कान, मान, उभे राहण्याची ढब त्यांत मिळते. दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: आजोबांवरचा उजेड बघणाऱ्याच्या डाव्या बाजूने आहे. त्यांचा फोटो पुन्हा काढता येणार नाही. म्हणून चित्रातला सगळा उजेड डावीकडूनच येईल, आणि जिवंत पाच जणांना त्यांच्या उजेडात बसवायचे. फोटो आरशासारखा उलटवणे हा सोपा मार्ग अनेक जण घेतात. मग भांग दुसरीकडे जातो, सदऱ्याची बटणपट्टी फिरते, आणि घरातल्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते पण नेमके सांगता येत नाही.

आजोबांना कसे आणायचे हे दोन्ही चित्रकारांना विचारले. कोल्हापूर: इतरांबरोबर बसलेले दाखवू. मडगाव: मागच्या भिंतीवरच्या फोटोत. दुसरा मार्ग आम्हाला पटतो. ऐंशीपलीकडच्या आजी आणि शेजारी चाळिशीतले आजोबा, अशी वयांची गल्लत त्यात होत नाही. भिंतीवरच्या फोटोतला चेहरा या आकारात ६ ते ७ सेंटिमीटर येईल. पाचच्या खाली जाऊ द्यायचा नाही. अंतिम शब्द आजींचा.

२९ ऑगस्ट

चवथ २७ तारखेला झाली, काल दीड दिवसाचे विसर्जन. घरात सगळे आहेत, दोन्ही चित्रकारही आले. छायाचित्रणाचा दिवस.

राजांगणात, म्हणजे घरातल्या उघड्या चौकात बसवायचे असे सगळ्यांच्या मनात होते. तिथे उजेड भरपूर, पण तो वरून पडतो: डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाखाली मिशीसारखी सावली येते. त्याऐवजी चौकीत, म्हणजे राजांगणाभोवतीच्या छपराखालच्या जागेत, कडेपासून दीड-दोन मीटर आत बसवले. तिथे तोच उजेड बाजूने येतो. राजांगण बघणाऱ्याच्या डाव्या हाताला राहील असे तोंड केले, आजोबांच्या फोटोशी जुळवून.

घराची जमीन लाल सिमेंटची. तिचा रंग हनुवटीखाली आणि नाकपुड्यांत चढतो. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी पांढरी चादर अंथरली. पावसाळ्यात कुळागराकडून (पोफळीच्या बागेकडून) येणारी हिरवी झाक मात्र थोडी राहिली. राखाडी कार्डाचा एक फोटो घेऊन ठेवला आहे, त्यावरून दुरुस्त होईल.

कॅमेरा बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, साडेतीन मीटर अंतरावर. एकेकट्याचे फोटो ८५ मिलिमीटर लेन्सने, अडीच ते तीन मीटरवरून. फोन हाताच्या अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले येतात. तसे फोटो देऊन चित्रकाराला ‘साम्य नाही’ म्हणणे अन्यायाचे. फ्लॅश बंद, चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद. मुलाच्या चष्म्याच्या काचा काढून ठेवल्या. काचेमुळे गालाची कड आत सरकते आणि चमक डोळे खाते. चष्म्यासह एक फोटो वेगळा घेतला.

हातांचे वेगळे फोटो, प्रत्येकाचे, बसलेल्या जागीच. आजींच्या केसांतल्या वळेसरातली अबोली ताजी असताना एक जवळचा फोटो. नात बारीक चौकड्यांची कुणबी साडी नेसणार होती. ती सुंदर आहे, पण या आकारात चौकडी नीट उतरवायची तर वेळ चेहऱ्यांवरून कापडावर जातो. चौकडी मोठी असलेली दुसरी साडी मिळाली, ती घेतली.

सात वर्षांच्या मुलाला आधी बसवून मोठ्यांची जुळवाजुळव करत बसू नये. मोठ्यांची बैठक पूर्ण झाली, जागा चिकटपट्टीने आखल्या, मग त्याला आणले.

१४ सप्टेंबर

आता खरी कसोटी: आजींचा अभ्यास, समोर बसवून, तैलरंगात, ३० बाय ४० सेंटिमीटर. दोन्ही चित्रकारांना मानधन देऊन. फुकट नमुना मागणे गैर आहे, आणि फुकटात मिळणारे काम घाईचे असते. दोघांना वेगवेगळे दिवस, पण चौकीतली तीच जागा, सकाळी साडेनऊची तीच वेळ. आजींचे वय पाहून वीस मिनिटे बैठक, दहा मिनिटे विश्रांती. खुर्चीचे पाय आणि आजींची पावले खडूने आखली, नाहीतर प्रत्येक विश्रांतीनंतर मान थोडी वळते आणि चित्रकार दोन वेगळे चेहरे एकत्र करत बसतो.

कोल्हापूरच्या चित्रकारांनी आधी रेखाटन पक्के केले, मग रंग. मडगावच्या चित्रकर्तींनी पहिल्या बैठकीत चेहरा काढलाच नाही. उजेड आणि सावली असे दोनच डाग टाकले, मागच्या भिंतीसकट. आजी थोड्या नाराज झाल्या. तिसऱ्या बैठकीत त्या डागांतून चेहरा वर आला.

२४ सप्टेंबर

दोन्ही अभ्यास साळीतल्या ठरलेल्या भिंतीवर टांगून, तीन मीटरवरून, सकाळी आणि दिव्याच्या उजेडात पाहिले.

जवळून कोल्हापूरचा अभ्यास जास्त साम्याचा. घरातल्या तिघांनी तोच निवडला. तीन मीटरवरून मात्र तो चेहरा भिंतीपुढे चिकटलेला दिसतो: डाव्या गालाची कड आणि उजव्या गालाची कड सारखीच धारदार, सावलीतला कान उजेडातल्या कानाइतकाच तपशीलवार. मडगावच्या अभ्यासात उजवा गाल भिंतीच्या सावलीत मिसळतो, पदराचा लाल रंग हनुवटीखाली किंचित परततो. त्या चेहऱ्याशेजारी दुसरा चेहरा ठेवला तर दोघांमध्ये तोच उजेड वाहील. साम्यातला फरक, म्हणजे डोळ्यांतले अंतर दोन मिलिमीटर जास्त आणि वरचा ओठ थोडा भरलेला, पुढच्या बैठकीत दुरुस्त होण्यासारखा आहे. उजेड एकसंध दिसणे ही नजर असते. ती दुरुस्तीत येत नाही.

एकट्या आजींचे चित्र असते तर आम्ही कोल्हापूरची शिफारस केली असती, आणि तसे त्यांना कळवलेही. पाच जणांच्या चित्रासाठी शिफारस मडगावची. आजींनी दोन्ही अभ्यास बराच वेळ पाहिले आणि होकार दिला. आजोबा भिंतीवरच्या फोटोत, हेही त्यांनी मान्य केले.

२ ऑक्टोबर

दसरा. करारावर सह्या. मुख्य कलमे:

कॅनव्हास लिननचा, चौकटीची जाडी निदान चार सेंटिमीटर, मध्ये आडवी-उभी पट्टी, लाकूड मुरलेले सागवान. लिननवर सरसाचे अस्तर नको, अॅक्रिलिकचे. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की सरस मऊ पडतो, घट्ट विणीचे कापड आकसते आणि रंगाचे पोपडे सुटतात. गोव्यात पावसाळाभर हीच स्थिती.

पैसे तीन हप्त्यांत: ३० टक्के सहीबरोबर, ४० टक्के चेहरे मान्य झाल्यावर, ३० टक्के चित्र घरी आल्यावर. मान्यतेचे टप्पे तीन: लहान रंगीत कच्चा आराखडा, कॅनव्हासवरचे रेखाटन, चेहरे. आराखड्यावर माणसांच्या जागा बदलता येतील, त्यानंतर नाही. काम मधेच थांबले तर झालेल्या टप्प्याचे पैसे चित्रकर्तींकडे राहतील.

घरच्यांकडून बोलणारी व्यक्ती एकच: सून. बाकीच्यांनी आपले म्हणणे तिच्याकडे द्यायचे, आणि ते मोजता येईल असे हवे. ‘डावी भुवई खाली घ्या’ चालेल. ‘बाबा वाटत नाहीत’ यावर चित्रकर्ती काहीच करू शकत नाही.

कॉपीराइट: १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. चित्रकर्तींना चित्र प्रदर्शनात आणि आपल्या कामाच्या संग्रहात दाखवायचे आहे, तशी परवानगी लेखी दिली. नाव लावण्याचा आणि चित्राची मोडतोड होऊ न देण्याचा त्यांचा हक्क कलम ५७ प्रमाणे त्यांच्याकडेच राहतो.

वॉर्निश आता नाही. तैलरंग वाळतो तो हवेतला प्राणवायू घेऊन, आणि ते सावकाश होते. चित्र मार्चमध्ये घरी येईल, अंतिम वॉर्निश पुढच्या डिसेंबर ते फेब्रुवारीत, कोरड्या दिवशी, घरी येऊन. दमट दिवशी लावले तर पांढरट धुके धरते. ही फेरी करारातच धरली आहे. मडगाव जवळ असल्याचा इथे फायदा झाला.

१८ ऑक्टोबर

कच्चा आराखडा आला, २२ बाय ३० सेंटिमीटर. आजी मध्यभागी, नातू त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकून. आजोबांचा फोटो मुलाच्या आणि सुनेच्या डोक्यांमध्ये नेमका मध्यावर होता. त्यामुळे नजर तिथेच अडकत होती. तो डावीकडे सरकवून मुलाच्या खांद्यावर आणला, उजेडही त्याच बाजूने येतो. नातीचा हात खुर्चीमागे गेला होता, तो आजींच्या खांद्यावर घ्यायला सांगितले. बाकी मान्य.

कॅनव्हास ताणायला दिला. मागे लावायला अॅसिडविरहित बोर्ड आणि भिंतीपासून दोन सेंटिमीटर अंतर राखणारे बुचाचे तुकडे मागवले. दिवा ३००० केल्विनचा, रंगदर्शनाचा अंक (सीआरआय) ९० च्या वर असलेला, चित्रावर २०० लक्सपेक्षा जास्त उजेड पडणार नाही असा. त्याची तार चित्र येण्याआधी, भिंतीला रंग देतानाच ओढून घ्यायची आहे.